घेवड्याच्या वाफ्याचा नकाशा

ती. अक्का,

सा. नमस्कार. तुमच्या गुडघ्याला नव्या गोळ्यांनी उतार पडला असेल आणि साडूभाऊंनी शिडीवर चढणं सोडलं असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत बरी. जेवण वेळेवर करतो. फोनवर तुम्ही जे जे विचारता ते सगळं ठीक आहे, एक घेवडा सोडून.

मागच्या आठवड्यात मी म्हणालो की वेल मांडवाला लागले. ते खोटं होतं. वेल नाहीत. (मांडव आहे. उत्तम झालाय.) फोनवर तुम्ही मधेच "बरं, मग?" म्हणता आणि माझ्या तोंडून सोपं तेच निघतं, म्हणून पत्र लिहितो आहे. कागद "मग?" म्हणत नाही.

हिला जाऊन सात महिने झाले. तिच्या कपाटात कॉफीच्या डब्यात त्या बावीस बिया निघाल्या, तुमच्या आईंच्या वाणाच्या, पांढऱ्यावर जांभळे ठिपके असलेल्या. तुमच्याकडचं बी घरात पाणी शिरलं तेव्हा कुजलं, म्हणजे घराण्यात राहिलेलं ते एवढंच. तुम्ही दोनदा बजावलं होतं, निम्म्या ठेवा. मी हो म्हणालो आणि बावीसच्या बावीस पेरल्या. जमीनमोजणीच्या कचेरीत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला अर्धा भरलेला वाफा बघवत नाही, याखेरीज दुसरं कारण नाही. सगळ्या उगवल्या. रोज सकाळी मी त्या मोजत होतो आणि, खरं सांगतो, मला बरं वाटत होतं.

आता शेजाऱ्यांविषयी. हे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवतात आणि रविवारी हिरवळ करतात. त्यांच्या अंगणात गवताखेरीज दुसरं काही उगवलेलं त्यांना खपत नाही. म्हणून पाठीवर टाकी बांधून, तोंडाला फडकं लावून ते तणनाशक फवारतात. हिने त्यांचं नाव फवारेसाहेब ठेवलं होतं. ती असताना त्यांची फवारणी आणि आमचा भाजीपाला शेजारी शेजारी सुखाने नांदत होते, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ऊन वाढलं तशी मी हिची वही उघडली. त्यात लिहिलं होतं, "वाफ्यात गवत अंथरणे." मी अंथरलं. (कुठून आणलं ते पुढे येईल. आत्ता नको.) दहा-बारा दिवसांनी पानं वाटीसारखी वळू लागली आणि शेंडे पिळवटले. टोमॅटोचंही तेच झालं. मी कुंपणापलीकडे पाहिलं, तर फवारेसाहेब टाकी भरत होते.

अक्का, तुम्ही मला तीस वर्षं ओळखता. मी कोणावर ओरडल्याचं तुम्हाला आठवतं का? मलाही आठवत नाही. त्यामुळे सवय नव्हती. मी कुंपणाशी जाऊन म्हणालो, "तुम्ही माणूस आहात की फवारा?" घरातून निघताना याहून चांगलं वाक्य तयार केलं होतं, ते ऐन वेळी आलं नाही. ते म्हणाले, "काका, वारा असला तर मी फवारतच नाही." मी म्हणालो, "वाऱ्याचं मला सांगू नका." मग घरी येऊन काठीला कापडाची पट्टी बांधली आणि रोज वाऱ्याची नोंद ठेवू लागलो. एकवीस दिवसांत एकवीस वेळा "वारा नाही" असं लिहिलं. तरीही मला शंका आली नाही. वारा लबाड आहे, एवढंच वाटलं.

मग मी कुंपणाला पडदा लावला. घरात पांढरी पोती साचली होती, ती उसवून, एकमेकांना शिवून, कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली. पोत्यांच्या एका बाजूला काहीतरी काळं खरडलेलं होतं. ती बाजू बरी दिसत नव्हती, म्हणून फवारेसाहेबांकडे केली.

पडद्यानेही वेल सुधारेनात, तेव्हा वसाहतीच्या कार्यालयात लेखी तक्रार दिली. सोबत वाफ्याचा नकाशा जोडला, प्रमाणात काढलेला. प्रत्येक रोप टिंबाने दाखवलं. मेलेली तांबडी, आजारी पिवळी, धडधाकट हिरवी. नकाशा फार सुरेख झाला होता. त्याची एक प्रत मी स्वतःसाठी ठेवली होती. ती आता फाडली आहे.

शनिवारी चिटणीसबाई पाहणीला आल्या आणि त्यांनी फवारेसाहेबांनाही बोलावलं. तिघं वाफ्यात उभे राहिलो. बाईंनी नकाशा उलटसुलट करून पाहिला.

"काका, कुंपण कुठल्या बाजूला?"

मी दाखवलं.

"मग कुंपणाला लागून असलेली ही ओळ हिरवी कशी? इथे तर सगळ्यात जास्त औषध पडायला हवं."

ती वांग्यांची ओळ होती. खरोखरच ठणठणीत होती. तिथवर गवत पुरलं नव्हतं. बाई वाकल्या आणि वाफ्यातलं मूठभर गवत उचलून म्हणाल्या, "हे कुठलं?"

"आमचंच," मी म्हणालो. अक्का, आमच्याकडे तळहाताएवढंही गवत नाही.

फवारेसाहेब पडद्यापाशी गेले, खालची कड उचलली आणि मला वाचता येईल अशी माझ्याकडे वळवली. त्यांच्या हातच्या ठळक काळ्या अक्षरांत लिहिलं होतं, "फवारलेलं गवत. गुरांना घालू नये. भाजीच्या वाफ्यात घालू नये." प्रत्येक पोत्यावर. अकरा पोती.

तर गवत तिथून आणलं होतं. कापलेलं गवत पोत्यांत भरून ते कचऱ्याच्या गाडीसाठी फाटकाबाहेर ठेवत. मी पहाटे फिरायला जाताना एकेक उचलून आणायचो. भांडणाआधी मागायचा संकोच होता, भांडणानंतर तर प्रश्नच नव्हता. आणि चष्मा लावत नसे, कारण चष्मा लावून चोरी करवत नाही. पडदा वाऱ्यातून येणारं विष अडवत होता, आणि मी ते फाटकातून हाताने आत आणत होतो.

"तीन आठवडे हे माझ्याकडे तोंड करून होतं," फवारेसाहेब म्हणाले. "मला वाटलं काका टोमणा मारतायत. बायको म्हणाली, नाही हो, ते तसले नाहीत, काकू गेल्यापासून जरा…" पुढचं त्यांनी गिळलं. चिटणीसबाई टोमॅटोकडे बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं याबद्दल माझी काही तक्रार नाही.

सोमवारी मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. ते चांगले वागले, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. चहा झाला. मी उठलो आणि आलो.

बाविसातला एकही वेल उरला नाही. तुमच्या आईंचं बी माझ्या हातून गेलं. हे तुम्हाला तोंडाने सांगण्याची माझी छाती नव्हती. रागवा, पण फोनवर नको.

साडूभाऊंना नमस्कार.

तुमचा,
(नातं आता काय लिहावं कळत नाही, पण) मेहुणा

ता. क. वर "बी माझ्या हातून गेलं" असं लिहिलंय ते संपूर्ण खरं नाही. फवारेसाहेबांच्या मागच्या खिडकीत, स्वयंपाकघराच्या, एका कुंडीत घेवड्याचा वेल आहे. चहा पिताना दिसला. शेंगांवर जांभळी शीर आहे. हिने दोन वर्षांपूर्वी त्यांना चार बिया दिल्या होत्या म्हणे. मी "छान आहे" म्हणालो. चार शब्द आणखी बोलायचे होते, पण अकरा पोती आडवी आली.

ता. क. २. म्हणून विनंती, की गुडघा परवानगी देत असेल तर चार दिवस इकडे या, आणि सहज विषय काढल्यासारखं करून त्यांच्याकडे दोन वाळलेल्या शेंगा मागा. मी तेव्हा बाजारात गेलेला असेन. मात्र उशीर करू नका. त्यांना कोवळ्या शेंगांची भाजी आवडते. पडदा काढल्यापासून इथून कुंडी दिसते. परवा अकरा शेंगा होत्या, आज नऊ आहेत.

ता. क. ३. हे लिहिणार नव्हतो. ती का देऊन गेली, तेही त्यांनी सांगितलं. ती म्हणाली होती, "आमच्या ह्यांचं झाडांवर फार प्रेम आहे, म्हणून थोडं बी तुमच्याकडे असू द्या." मला ती कधी काही बोलली नाही. तुम्हाला बोलली होती का? बोलली असेल तर कळवू नका.