काकाच्या आखाड्यापर्यंत

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज कालव्यावरच्या पहिल्या मोरीपर्यंत चाललो. तिथून नाना माघारी वळायला तयारच नाहीत! उजवा पाय फरफटत, डाव्या हातातली काठी पुढं टाकत पूर्वेकडंच निघाले होते. दंडाला धरून वळवलं, तेव्हा माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांची लेक नाही, सासूच आहे.

अंगावरून वारं गेल्याला दोन महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा. माझा भाऊ कल्याण कापसात अडकलेला, वहिनीच्या गळ्यात सगळं घर. म्हणून मी भोकरदनहून आले. शिलाईच्या दुकानाला कुलूप, लग्नसराई तोंडावर, आणि बायकांचे ब्लाऊजसाठी फोनवर फोन. करू देत. मापाची वही तेवढी सोबत आली, तिच्याच मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहितेय.

१९ नोव्हेंबर

कालव्याचा रस्ता चालायला चांगला. चढ नाही, उतार नाही. पाणी सुटलंय, काठोकाठ चाललंय. एका हाताला ते पाणी, दुसऱ्या हाताला पिवळ्या फुलांनी भरलेली तूर, मधून आम्ही दोघं गोगलगायीच्या चालीनं. नाना बगळे बघत थांबतात. मीही थांबते. मला काय घाई आहे?

या सपाट मुलखात एक खोट आहे — सगळं दिसत राहतं. आमच्या अंगणातून अंगद काकाच्या आखाड्यावरची निळी टाकी दिसते. शेतातलंच घर त्यांचं, आमच्यासारखं. किलोमीटरभरही नसेल. पण एकोणीस वर्षांत आमच्याकडून तिकडं कुणी गेलेलं नाही.

२० नोव्हेंबर

धुऱ्यावरून झालं ते. धाकट्या भावानं नांगरताना बांध आत ढकलला असं नानांना वाटलं. त्यांनी सख्ख्या भावावर सरकारी मोजणी आणली. सगळ्या गावासमोर साखळी पडली. निघालं किती? वीतभर! हरभऱ्याची एक ओळ बसेल एवढं. काका काहीच बोलले नाहीत. नाना मात्र चावडीवर म्हणाले, अंगदच्या दारात आता माझा पाय पडणार नाही. आई असेपर्यंत समजावत होती. मग तीही गेली.

आणि आता तोच पाय रोज मला तिकडं ओढतो. नाना, मी काय आंधळी आहे?

२३ नोव्हेंबर

वहिनीला गिरणीत दैवशाला काकू भेटल्या — अंगद काकाची बायको. आपण होऊन बोलल्या. काका अंथरुणाला खिळलेत. पोटात गाठ आहे. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. दोन महिने काढतील म्हणे. काकू म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्याला म्हण, यायचं तर जल्दी या. ह्ये दिवसभर दादा दादाच करून राह्यले."

कल्याण लगेच उठला. "आत्ता गाडीवर बसवतो की मंग. मी म्होरं, नाना मधी, ताई मागून धरील. पाच मिन्टाचं काम."

मी नाही म्हणाले. पोत्यासारखं मधे दाबून न्यायचं, त्यांच्या दारात दोघांनी उतरवायचं, लाळ पुसायची, आणि त्यांच्या सुना दाराआडून बघणार — बिचारा! माझ्या बापाला कुणी बिचारा म्हटलेलं मला चालणार नाही. पाय पडणार नाही असं ज्यानं गावासमोर सांगितलं, त्यानं आता जायचं तर आपल्या पायानं जायचं. दोन महिने पुष्कळ झाले. मी नेते चालवत.

"ह्यो तुझा हट्ट हाय ताई. नानाचा न्हाई," कल्याण म्हणाला आणि कापसात निघून गेला.

नाना ऐकत होते. डावा हात उचलून गाडीकडं दाखवत होते. मी म्हणाले, चालत जाऊ नाना, ताठ मानेनं. त्यांनी हात खाली घेतला.

२६ नोव्हेंबर

बोरीपर्यंत! नऊ दिवसांत मोरीवरून बोरीवर. पिकलेली चार बोरं त्यांच्या तळहातावर ठेवली. एक त्यांनी मला परत दिलं.

२८ नोव्हेंबर

बोरीच्या पुढं वीस पावलं. अवघड आहे ते परतणं. जेवढं गेलं तेवढंच माघारी यायचं, हे त्या पायाला कोण सांगणार? तीनदा बसले. कल्याणला फोन करून गाडी बोलवावी असं वाटलं, पण सवय लागेल म्हणून नाही केला.

१ डिसेंबर

काकू वहिनीला पुन्हा भेटल्या. म्हणाल्या, "ह्ये रोज दिवस मावळताना इचारतेत, दादा आज कुठवर आल्ता? आमचा राधेश्याम पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जातो, त्यो बघून येतो अन् सांगतो."

ऐकून मला काय हुरूप आला! तिथं वाट बघणं चालू आहे, इथं चालणं चालू आहे. हेच पाहिजे होतं. नानांना सांगितलं. ते दुपारभर उंबऱ्यात काठी धरून बसले, चपला घालून. आता उन्हाचं नाही जायचं, असं मी म्हटलं तरी ऐकेनात. शेवटी वहिनीनं चपला काढून घेतल्या. मला त्यांचा थोडा रागच आला.

३ डिसेंबर

थंडी. नानांना खोकला. चालणं नाही.

४ डिसेंबर

आजही नाही. बसल्या बसल्या सदऱ्याचं माप घेतलं. चाळीस छाती होती माझ्या बापाची. छत्तीस भरली. टेप पुन्हा लावून बघितला. वहिनीच्या मशीनवर सदरा शिवायला घेतला. पांढराशुभ्र, दोन खिशांचा.

७ डिसेंबर, रविवार

कालव्याच्या दारापर्यंत गेलो. अर्ध्याच्या वर! पाण्यावर ऊन आलं होतं, हरभरा नुकता जमिनीबाहेर दिसत होता. नानांना मधेच हसू आलं. वाकड्या तोंडाचं हसू, पण हसूच. मी विचारलं काय झालं, तर काठीनं पाण्याकडं दाखवलं. लहानपणी दोघं भाऊ इथं पोहायचे का? पण तेव्हा कालवा कुठं होता? मला कळलं नाही. त्यांना सांगता आलं नाही. अशा वेळी फार वाईट वाटतं.

१० डिसेंबर

काय लिहू. आज चिंचेपर्यंत गेलो — काकाच्या रानातल्या चिंचेपर्यंत! पुढं फक्त दोनशे पावलं. अंगणात काकू दिसल्या, कपाळावर हात धरून आमच्याकडं बघत होत्या. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

नानांचा पाय थरथरत होता. धोतर चिखलानं भरलेलं, एका बाजूनं सुटलेलं. तोंडातून लाळ. मला वाटलं, असं नको. एवढं केलंय, तर शेवटचं नीट होऊ दे. सदऱ्याला काजं-बटणं करायचीत. येत्या रविवारी आंघोळ घालून, दाढी करून, टोपी घालून आणू. नानांच्या कानाशी सांगितलं, रविवारी.

ते हलेनात. मी वळवायला लागले तर रडले. मोठ्यानं, लहान पोरासारखे. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि वळवलं. काकू तशाच उभ्या होत्या.

११ डिसेंबर

नाना चालायला उठले नाहीत. थकलेत. म्हटलं ठीक आहे, रविवारसाठी ताकद राहील.

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, परवाच नेलं असतं तर काय झालं असतं?" परवा कुठं, कालच की, म्हणून मी तिची चूक काढली.

१३ डिसेंबर

नाना गेले. पहाटे, झोपेत.

१४ डिसेंबर, रविवार

आज जायचं होतं.

१५ डिसेंबर

परवा नानांना उचलायच्या आधी काका आले. बाजेवर. दोन पोरं आणि दोन भाऊबंद, चार कोपरे धरून, कालव्याच्या रस्त्यानं. अंगात नुसती बंडी, नाकात नळी, हाडांवर कातडं. सगळं गाव बघत होतं. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. बाज नानांच्या शेजारी टेकवायला लावली. हात पुरेना, तेव्हा पोरांनी आणखी जवळ सरकवली. मग काका नानांचे पाय चेपत राहिले, बराच वेळ.

"म्या कवा म्हणलं व्हतं दादा," ते म्हणाले, "चालतच ये म्हणून?"

मी नानांच्या उशाशी बसले होते. काकांनी माझ्याकडं बघितलंही नाही.