काचेजवळची खुर्ची आणि आजीची टोपली

वेसावे कोळीवाडा, सोमवार

सौ. हेमांगीकाकीला निमेशचा वाकून नमस्कार (बसूनच लिहितोय, पण मनातून वाकलोय). चारकोपला सगळे बरे असतील. काकाची कंबर कशीय? इथे सगळे मजेत, फक्त आजीचा उजवा डोळा सोडून, ते पुढे सांगतो. पत्र बघून दचकू नकोस. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस (बरोबरच केलंस, पापलेटच्या पिशवीत रबरी उंदीर घालणं चुकीचंच होतं), म्हणून बाबांच्या हातून सुक्या बोंबलांबरोबर कागद पाठवतोय. दहावीला पत्रलेखनात मला पाचातला एक मार्क पडलेला, तेव्हा सांभाळून घे.

तर आपल्या गल्लीच्या तोंडाशी जाळ्यांचं दुकान होतं ना, तिथे कॉफी शॉप झालंय. एसी, काच, कुंडीत झाडं (खोटी आहेत, मी चावून बघितलं). पहिल्याच दिवशी आजी बाजार आटपून अकराला थेट आत घुसली आणि काचेजवळच्या खुर्चीवर बसली. कॅपुचिनो आली तर मॅनेजरला म्हणाली, "वरचा फेस काढ रे, डालीवरचा काढतात तसा." मग कमरेच्या पिशवीतून जिरा बटर काढलं आणि बुडवून खाल्लं. दुसऱ्या दिवशी परत तीच खुर्ची. आता मासळीबाजारात कसं असतं ते तुला माहितीये. जी जिथे बसते ती जागा तिची. ती आजारी पडली तरी दुसरी कोणी तिथे टेकत नाही, आणि ती थकली की तिची सून बसते. आजीला तिची जागा तिच्या सासूकडून आली. (तू नको बोललीस, वास सहन होत नाही बोललीस, त्यात मी पडत नाही. दोन वर्षं तुम्ही दोघी फक्त बाबांमार्फत बोलताय, त्यातही पडत नाही.) तर आजीने कॉफी शॉपलाही तोच कायदा लावला. घरी येताना खुर्चीवर मासळीची टोपली उलटी घालून यायची. म्हणजे जागा अडवली.

मॅनेजर शौनक मुलुंडचा, सभ्य माणूस, आजीला मॅम म्हणतो. दोन दिवस त्याने टोपली वासासकट सहन केली. तिसऱ्या दिवशी बाहेर ठेवली. आजी आली तर खुर्चीवर मिथुन नावाचा एक लॅपटॉपवाला. ती त्याच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली. "ऊठ बाला, जागा माजी हाय." याच्या कानात इअरफोन, याला वाटलं म्हातारी काहीतरी मागतेय, न बघताच दहाची नोट पुढे केली. आजीने नोट घेतली, कनवटीला खोचली आणि दोन सुके बांगडे त्याच्या लॅपटॉपवर मांडले. (फुकट घेतलं असं कोणी बोलायला नको.) मिथुन उठला तो थेट रस्त्यावर. आता तोच रोज समोर बसतो, कल्ले उचकटून ताजा मासा कसा ओळखायचा ते शिकतो, आणि त्याचं फोनवर साहेबाशी बोलून झालं की आजी विचारते, "आज पन शिव्या खाल्ल्यास काय रं?" मध्ये एक दिवस आजी गेली नाही तर चार टेबलांवरून चौकशी झाली.

पण टोपलीला बंदी ती बंदीच, आणि आजीचं तोंड उतरलं. म्हणून मी डोकं चालवलं. झेरॉक्सवाल्याकडून झकास पाटी छापून घेतली, 'रिझर्व्ड', खाली एका मॅडमचं नाव, आणि गुपचूप त्या टेबलावर ठेवली. शौनकला वाटलं मालकाने ठेवली. मालक चंद्रप्रकाशला वाटलं शौनकने ठेवली. विचारायला दोघंही घाबरतात. मी फक्त एवढंच पसरवलं, की मॅडम लय मोठ्या आहेत, जिथे कॉफी पितात त्यावर लिहितात, आणि त्या येईपर्यंत ही म्हातारी त्यांची जागा सांभाळतेय. दोन महिने आजीला न मागता पाणी मिळतंय आणि फेस न सांगता काढतायत.

आता वाट लागलीये. गुरुवारी आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, मग आठ दिवस घराबाहेर पडायचं नाही. आणि चंद्रप्रकाश बोललाय, रविवारपर्यंत मॅडम आल्या नाहीत तर पाटी काढून तिथे केकचं कपाट लावणार. ऑपरेशनला आजी घाबरत नाही. म्हणते, "एक डोला गेला तर दुसरा हाय, जागा गेली ती परत नाय मिलत."

बाकी विशेष काही नाही. काकाला नमस्कार.

तुझा आज्ञाधारक (असं लिहितात, मनावर घेऊ नकोस)
निमेश

ता.क. पाटीवर तुझं नाव आहे. 'हेमांगी मॅडम'. घाईत दुसरं सुचलं नाही. रविवारी अकराला ये. ऑफिसचा ड्रेस घाल, हसू नकोस, एक घोट घे आणि वहीत काहीतरी लिही, वाण्याची यादीपण चालेल. एकदा मॅडम दिसल्या की पुढचं मी बघतो. आपलं घर तिथून चाळीस पावलांवर आहे, पण त्यात मी पडत नाही.

ता.क. २. या वेळी उंदीर नाही, आईशप्पथ. तरी पिशवी गॅलरीतच उघड.

ता.क. ३. घाईत सुचलं हे खोटं. पाटी छापताना आजीला विचारलेलं, नाव कोणाचं टाकू? ती म्हणाली, "जिची हाय तिचं टाक. बाजारातली नको बोलली, हितं तरी एसी हाय." हे तुला सांगायचं नाही असं तिने बजावलंय. बोंबील तिनेच निवडून दिलेत, तेही सांगायचं नाही.