सोदिकशोच्या नावाचा दिवा

मी झरागुल, सोदिकशो यांची पत्नी, राहणार बारतांग खोरे, वरच्या तळ्याखालचे गाव. वय झाले, पण डोके ठिकाणावर आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वखुशीने हे लिहून ठेवते.

१. पाच खांबांचे घर मुलगी निगीना हिला. ती खोरोग शहरात शिक्षिका आहे. "आई, तळं कधी फुटेल नेम नाही. माझ्याकडे चल," हे तिचे पालुपद. डोंगर कोसळून नदी अडली, त्याचे हे तळे. बांध माणसाने घातलेला नाही. दगडांतून जेवढे झिरपते तेवढ्यावर आमचा गहू, जर्दाळू आणि आम्ही. कमी झिरपले तर उपाशी मरू, जास्त आले तर वाहून जाऊ.

"एवढं नेमकं माप कुणी धरलंय?" मी विचारते.

"दगडांनी."

"आणि दगडांना?"

यावर ती चहा ओतते. घर खुशाल विकावे, पण आधी एक उन्हाळा इथे राहून ते झिरपणे ऐकावे.

२. शेत आणि पाण्याची पाळी धाकटे दीर कदमशो यांना. त्यांच्याशी माझा अबोला आहे, म्हणून कारण लिहिते.

निगीना पोटात असताना एका सकाळी ओढा आटला. बांध हलला असे समजून गाव कड्यावर चढले. तिथेच मी बाळंत झाले. पोर थंडीने निळी पडू लागली. "झरा, रजई घेऊन आलोच," म्हणून सोदिकशो खाली उतरले. बांध जागचा हललाच नव्हता. वर ओढ्यात लहानशी दरड पडून पाणी तुंबले होते, ते फुटले. घरे वाचली. वाटेवर एकच माणूस होता, तो गेला. सापडला नाही.

संध्याकाळी पाटाला गढूळ पाणी आले. ते कोणावरून वाहत आले हे ठाऊक असून मी प्याले, आणि मला दूध फुटले. याला कृपा म्हणावे का, हे मला आजही ठरवता आलेले नाही. प्रार्थना मात्र चुकवली नाही.

आमच्यात मृताच्या नावाने लावतात तो दिवा घेऊन कदमशो आले. "वहिनी, दिव्याशिवाय दादाला वाट कशी दिसणार?"

"आधी त्यांना शोधून आणा, मग लावा," म्हणत मी त्यांना दारातून हाकलले. तेव्हापासून माझ्या पाण्याच्या पाळीला पाटाच्या वरच्या अंगाने आवाज येतो, "झरा, पोर उबेत आहे ना?" मी "हो" म्हणते.

३. मी गेल्यावर माझ्या दिव्याशेजारी सोदिकशो यांच्या नावाचाही लावावा. तो कदमशो यांनीच लावावा.

एवढे मी दोघांना वाचून दाखवले. कदमशो हातातली टोपी फिरवत राहिले. "वहिनी, तोवर दादानं पाण्यातच उभं राहायचं?"

निगीनाला त्या आवाजाचे मी कधी सांगितले नव्हते. ती उठून पाटावर गेली आणि वरच्या अंगाला तोंड करून म्हणाली, "बाबा, मी उबेत आहे. जा आता तुम्ही."

सबब कलम तीन रद्द. दिवा कदमशो यांनी आजच लावला. पाट भरून वाहतो आहे. मी अजून कान देऊन बसले आहे.

सही: झरागुल

साक्षीदार:
शिरीनशो मामदनझार, जमातीचे खलीफा (धर्मविधी करणारे)
गुलअफ्रोझ पाइशांबे, सुईण

स्थळ: बारतांग खोरे
दिनांक: २४ मे २०१६