चादरीखालचा हात

अर्धापूर,
दि. ९ जानेवारी २०२५

चि. अर्शियास किशनचाचाचे पोटभर आशीर्वाद.

आमी समदे इथं बरे हाव. तुझी चाची गुडघ्यानं कुरकुरती, पण तोंड शाबूत हाय, म्हणजे काळजीचं कारण न्हाई. केळीला यंदा घड बरे लागले. लातूरला थंडी लई हाय म्हणत्यात, उमैमाला कानाला बांधत जा. पोरीचे दात पडून राहिले म्हणं. कसली दिसत असंल!

तू म्हणशील, फोन असताना चाचाला कागद कशाला लागला. फोनवर मला धड बोलता येत न्हाई. मी जरा थांबलो की तू ‘चाचा, रोओ मत’ म्हणतीस, अन् माझं सांगायचं तिथंच राहतं.

तर, परवा आरती डॉक्टरीणबाईंचा फोन आला. नांदेडच्या ज्या दवाखान्यात तुझे अब्बा श्वासाच्या मशीनवर होते, तिथं नर्सलोकांसाठी कार्यक्रम ठेवलाय. बोलता न येणाऱ्या पेशंटशी कसं बोलावं, असा. त्यात माझा सत्कार! शाल, नारळ, फोटो. तू पण येणार म्हणं. ‘चाचांमुळं मला अब्बांचे अठरा दिवस जास्तीचे मिळाले’ असं तू बाईंना सांगितलंस. ते ऐकल्यापासून घास गोड लागून न्हाई राहिला.

चाळीस वर्षं तुझ्या अब्बांनी, माझ्या खाजानं, अन् मी बैलबाजारात दलाली केली. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत न्हाईत, हे तू लहानपणापासून बघितलंस. रुमालाखाली हात घालायचा अन् बोटांनी बोलायचं. तळहात दाबला की सौदा पटला. हात सोडवून घेतला की न्हाई. अन् तीनदा सोडवला की चौथ्यांदा विचारायचं न्हाई, हा बाजाराचा कायदा.

खाजाला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यात तोंडात नळी. सिस्टरनं अक्षरांची पाटी समोर धरली, तर हा तिच्याकडं असा बघायचा, जसा खोंडाचे दात तपासून राहिला. मी चादरीखाली हात घातला, तवा कुठं गडी बोलायला लागला. ओठ ओले कर, पाय दाब, अर्शियाला जेवायला पाठव. समदं सांगायचा. सिस्टर हसायच्या, पण मला कुणी हटकलं न्हाई.

मग बाईंनी आपल्या दोघांना बसवून समजावलं, ते तुला आठवत असंल. लई नीट बोलल्या. “फुप्फुसं शिळ्या भाकरीसारखी कडक झालीत. तोंडातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नाही. गळ्याला छिद्र पाडून तिथं नळी बसवता येईल, पण मशीन सुटेल असं मला वाटत नाही. ते नको असेल, तर नळी काढून मास्क देऊ, त्रास होऊ नये म्हणून औषध देऊ, आणि जवळ बसू. ते पूर्ण शुद्धीत आहेत. त्यांना विचारा.”

तू डोळे पुसले अन् म्हणालीस, “चाचा, अब्बा क्या बोलते पूछो. वो बोले वैसाच करेंगे.”

मी आत गेलो. बाई बोलल्या ते जसंच्या तसं सांगितलं. बाहेर येऊन तुला म्हणालो, ‘हाव म्हणतो, गळ्याला नळी बसवा.’

पोरी, तो हाव म्हणाला नव्हता. त्यानं हात सोडवून घेतला होता. मी पुन्हा धरला, पुन्हा सोडवला. तिसऱ्यांदा तर माझा हात चादरीबाहेर सारला अन् डोळे मिटून घेतले. बाजारात एवढ्यावर मी निमूट उठलो असतो. पण मला तो पाहिजे होता. तुझी अम्मी, जाहिदाभाभी, गेल्यापासून रोज सकाळचा चहा आमचा दोघांचा. त्याच्याबिगर सकाळ कशी करायची, एवढंच डोक्यात आलं. माझ्या मतलबापायी मी त्याचं ‘न्हाई’ गिळलं.

पुढचे अठरा दिवस तू बघितलेस. गळ्यातली नळी ओढतो म्हणून सिस्टरनं मनगटं पट्टीनं बांधली. तवा पण मी रोज चादरीखाली हात घालायचो. तू बाहेरून बघायचीस अन् तुला वाटायचं, दोघं बोलून राहिले. तो मूठ वळून पडलेला असायचा. शेवटपर्यंत माझ्यासाठी त्यानं ती मूठ उघडली न्हाई. लई रडलो मी घरी येऊन, पण चाचीला पण सांगितलं न्हाई.

काल बाईंना फोन करून समदं कबूल केलं. मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, “काका, चूक माझीही आहे. मी स्वतः त्यांचा हात धरून एकदा विचारायला हवं होतं.” मी म्हणालो, शाल-नारळ काही नको. पण येतो. नर्सलोकांना हात कसा धरायचा ते दाखवतो, अन् एकच सांगतो, की पेशंट अन् तुमच्यात दलाल घालू नका. जिवाभावाचा असला तर बिलकुल नको.

आता ज्याच्यापायी हा कागद लिहायला दोन दिवस लागले, ते. नळीचं खोटं बोलला, म्हणजे डोळ्यांचं पण खोटंच असंल, असं तुझ्या मनात येणार. निव्वळ माझ्या शब्दावर तू अब्बा गेल्यावर त्यांचे डोळे दान दिलेस. त्यावरून अकरममामू अजून तुझ्याशी बोलत न्हाईत.

ते असं झालं. नळीचं विचारायच्या आदल्या दिवशी अवयवदानाच्या बाई शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या घरच्यांना समजावून राहिल्या होत्या. खाजा कान देऊन ऐकत होता. त्या गेल्यावर त्यानं माझं बोट धरून स्वतःच्या पापणीवर ठेवलं अन् तळहात दाबला. त्या वक्ताला हात मी सोडवून घेतला. आमच्यात म्हणत्यात, डोळे दिले की पुढच्या जन्मी आंधळं होतं. त्याला पुढचा जन्म मान्य न्हाई, तरी भ्यालो मीच. त्यानं पुन्हा दाबला, जोरात दाबला. मनात नव्हतं तरी बाहेर येऊन तुला सांगितलं.

नळीत माझा मतलब होता, तिथं मी खोटं बोललो. डोळ्यांत माझा काही मतलब नव्हता. दुसरा साक्षीदार माझ्याकडं न्हाई. मामूंना हे पत्र खुशाल दाखव, माझी अब्रू झाकू नको. कार्यक्रमाला आलीस अन् माझ्याशी बोलली न्हाईस, तरी मी समजंन. पण डोळे तुझ्या अब्बांनीच दिले, पोरी. तेवढं माझं खरं मान.

तुझ्या अब्बांचं ‘न्हाई’ तुझ्यापर्यंत येऊ न दिलेला,
किशनचाचा