कळसाडीची विहीर आणि मनाई हुकूम

सोम. ७ मार्च १९३८, शहादे

नवा दावा आला. वादी कळसाडीचा भिला पाटील (यापुढे दाव्यात लिहितो तसे ‘भि.’). प्रतिवादी त्याचा धाकटा भाऊ उखा (‘उ.’). बाप गेल्या श्रावणात वारला. दिवाळीनंतर शेताच्या वाटण्या झाल्या, त्याही तोंडी. बापाने खणलेली विहीर भि.च्या तुकड्यात आली. उ. म्हणतो, विहीर सामाईक ठेवायची ठरली होती. भि. म्हणतो, तसे काही ठरले नव्हते. पंच म्हणतात, आम्हाला आठवत नाही. म्हणजे दावा उत्तम आहे, चालेल पुष्कळ.

वकीलपत्रावर भि.चा अंगठा घेतला आणि खिडकीतून पाहतो तो बाहेर बैलगाडीत एक जण निवांत विडी ओढत बसलेला. हा कोण, तर हाच उ. दोघे एकाच गाडीत आले होते. भि.ला त्यात वावगे काही वाटेना.

“गाडी मन्ही शे, पन बैल एक मन्हा, एक त्यान्हा. एक बैलवर शहादा कसं येवानं?”

उ. इथून अण्णासाहेबांकडे गेला, त्यांना वकीलपत्र द्यायला. गावातले जुने वकील, वडीलधारे. नंतर दोघे भाऊ त्याच गाडीतून परत. वाटेत बोलता काय, असे विचारले.

“दावानं नही बोलतस. कपाशीनं बोलतस.”

जेवताना इंदूला सांगितले. तिला हसू आवरेना, वाढायची थांबली.

शुक्र. १८ मार्च

मनाई अर्ज चालला. कोटाच्या बाहीवर कालच्या धुळवडीचा रंग तसाच. आज मी बरा बोललो. माझी रोजनिशी, मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार? हुकूम मिळाला: दाव्याचा निकाल होईपर्यंत उ.ने विहिरीवर येऊ नये, पाणी घेऊ नये. भि.ने कोर्टातच पागोटे काढून पुन्हा बांधले.

बाहेर अण्णासाहेब म्हणाले, “छान बोललास रे. आता पुढचं बघ.” पुढचे म्हणजे काय, ते नाही सांगितले.

संध्याकाळी श्रीखंड. मजेत आहे.

गुरु. २४ मार्च

पुढचे कळले.

भि. पायी आला, घामाघूम. “साहेब, हुकूम मिळना, पन मोट बंद पडनी.”

मोटेला बैलजोडी लागते. जोडीतला एक बैल उ.चा. आजवर दोघांचे बैल एकत्र जुंपून दोघांच्या उसाला पाणी जायचे, भांडण चालू असतानासुद्धा. आता उ.ने आपला बैल सोडून नेला. भि. सांगत होता, “माले पानी लेवानं नही, मंग मन्हा बैल कसाले वढी, अस सांगस तो.” आणि यात त्याचे काय चुकले? गावातले बाकीचे बैल आपापल्या मोटांवर, या दिवसांत उसना कोण देणार!

मी बी. ए., एल्‌एल्. बी. पण मोटेला बैल कोणाचे, हे काही मी अशिलाला विचारले नव्हते. जिंकलेला अशील इतका उतरलेला प्रथमच पाहिला. तडजोड कर म्हटले, उ.शी बोल.

“मी मोठा शे. मी कसाले आधी बोलू?”

शनि. १६ एप्रिल

उद्यापासून उन्हाळी सुटी. हुकूम बदलून घ्यायचा म्हणून मी आणि अण्णासाहेबांनी दोघांचा एकत्र अर्ज तयार ठेवला होता: दावा चालू राहो, तोवर पाणी दोघांनी पाळीपाळीने घ्यावे, बैल दोघांनी द्यावेत. उ.ने अंगठा दिला. भि. म्हणाला, विचार करतो. कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून विचार करत राहिला. इकडे कोर्ट उठले, जज्जसाहेब सुटीवर निघूनही गेले, आणि मग भि. उठून आला. “बरं, ल्या अंगठा.”

आता जूनशिवाय काही नाही. भि. माणसे लावून पोहऱ्याने पाणी घालतो आहे. ऊस जगेल म्हणतो, वाढणार नाही. उ.चा तर करपलाच असेल. विचारायला धीर झाला नाही.

तरी सुटी ती सुटी. अंगणात बाज टाकली आहे, वाळ्याचे पाणी आहे.

मंगळ. २६ एप्रिल

भि. तापीच्या वाळूतली दोन खरबुजे घेऊन आला. बराच वेळ खरबुजांविषयीच बोलला. मग खरे काम निघाले.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. बाप गेल्यावरची पहिली. यांच्याकडे आखाजीला बापाच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात आणि मग घास टाकतात. या घरात ते पाणी त्याच विहिरीचे घ्यायचे, दुसरे चालत नाही. उ. वेगळा झाला, त्याचीही घागर त्याच पाण्याची हवी.

“हुकूम शे तवलोंग उखा इहीरवर येवाव नही. मी त्याले पानी काढी दिधं, ते हुकूम मोडाई जाई का?”

डोळे खाली. या माणसाने ऊस वाळताना तोंड उघडले नव्हते.

मला फार आनंद झाला, तो चेहऱ्यावर दाखवला नाही. म्हटले, हुकूम उ.वर आहे, तुझ्यावर नाही. खुशाल काढून दे. भि. उड्या मारायचाच बाकी होता.

बुध. २७ एप्रिल

अण्णासाहेबांकडे गेलो, एक खरबूज घेऊन. तिथे वेगळीच बातमी. भि. कालच भावाकडे गेला होता आणि उ.ने नको म्हटले. त्याने अण्णासाहेबांना येऊन सांगितले, “भाऊना हातनं पानी लिधं, ते इहीर त्यान्हीच शे अस व्हई जाई.”

“हे मीच त्याला शिकवलं,” अण्णासाहेब म्हणाले. “मेहेरबानी म्हणून एकदा घेतलंस की हक्क गेला म्हणून समज, असं. आता काय करू?”

त्यांचे बरोबर आहे. त्यांच्या जागी मीही हेच सांगितले असते. म्हणजे उ.ने पाणी काढले तर हुकूम मोडतो, भि.ने काढून दिले तर उ.चा हक्क बुडतो. आम्ही दोघे शिकलेले गृहस्थ, खरबूज संपवले, वाट काही निघाली नाही.

शुक्र. २९ एप्रिल

आखाजीला लेकी माहेरी जातात, म्हणून इंदूला न्यायला तिचा भाऊ आला. लुगड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली, “तुमच्या त्या कळसाडीकरांना बहीण नाही का? तिला कोण आणणार?”

बहीण आहे. ठगूबाई, म्हसावदला दिलेली. तिला आणायला गाडी गेली होती, हे भि.कडूनच कळले होते. गाडी म्हणजे दोन बैल आलेच. त्या पहाटे उ.ने आपला बैल भि.च्या अंगणात आणून बांधला आणि परत गेला.

आणि मी ताडकन उठून बसलो. ठगूबाई दाव्यात नाही! हुकूम तिच्यावर नाही. विहिरीवर तिचा हक्कही नाही, मुलीला बापाच्या जमिनीत काही मिळतच नाही. तेव्हा तिने पाणी काढून दोघांच्या घागरी भरल्या, तर कुणाचे काहीच बुडत नाही.

तसाच अण्णासाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि मोठ्याने हसले. दोघांनी आपापल्या अशिलाला निरोप पाठवला.

परत येऊन इंदूला ऐटीत सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे तिला हक्क नाही म्हणून ती उपयोगाची. असंच ना?”

मी तिची पेटी गाडीत ठेवली. ती गाडीत बसून गेली. घर एकदम मोठे वाटते आहे.

सोम. २ मे, आखाजी

घरी एकटाच, म्हणून भि.चे जेवणाचे बोलावणे घेतले. कळसाडीला पोचलो तर घरात पुरणाचा वास, झाडाला झोके, पोरींची गाणी, आणि माणसे सगळी शेतात. मीही गेलो.

ठगूबाई विहिरीवर होती. उंच, उन्हाने रापलेली, दोघांपेक्षा मोठी असावी. दोराने पाणी शेंदून तिने घागर भरली. एकच. दुसरी रिकामी तिथेच पालथी घातली. भरलेली घागर कमरेवर घेऊन चालत आली आणि दोन शेतांमधल्या बांधावर ठेवली. आंबा, सांजोरी, फुले मांडली. मग पदर सावरून बाजूला बसली.

“बाप एक व्हता. घागर बी एकच भरसू. ज्याले पुजनी व्हई त्यानी आठे येवानं.”

हे आमच्या निरोपात नव्हते.

बांधाच्या अलीकडे भि., पलीकडे आपल्या वाळलेल्या उसात उ. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. दोघांनी माझ्याकडे पाहिले. बांध कोणाचा, बांधावरचे पाणी म्हणजे विहिरीचे पाणी का, बसले तर कबुली होते का, सगळे प्रश्न मला त्या दोन तोंडांवर दिसत होते, आणि प्रश्न चांगले होते. एरवी मी त्यांवर दिवसभर बोललो असतो.

म्हटले, “कोर्टाला सुटी आहे. मलाही.”

भि. येऊन घागरीपुढे बसला. ठगूबाईने त्याच्या हातात फुले दिली नाहीत. म्हणाली, थांब.

मग सगळेच थांबलो. ऊन चढले. जेवणे खोळंबली, पोरे भुकेने रडू लागली. भि.च्या डोळ्यांतून पाणी येत होते, ते त्याने पुसले नाही. माझेही डोळे भरले, उगाच का खोटे लिहू.

एवढ्यात घरून बोलावणे आले, वकीलसाहेबांचे पान तरी वाढा म्हणून. मी निघालो. वळून पाहिले. उ. बांधापासून दोन हातांवर तसाच उभा होता. पण त्याने पायातल्या वहाणा काढून ठेवल्या होत्या.