खंडेनवमी आणि आमचं मशीन

२९ सप्टें.
मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंचं वजन करणारं मशीन, आलं एकदाचं. ट्रक पळस्प्याला अडकला तेव्हा जीव टांगणीला लागला होता. पेटी उतरेपर्यंत देशमुख सर उन्हात उभे. तीन कॉलेजांत मिळून एकच मशीन, आणि ते पनवेलला, हे आमच्या या विभागप्रमुखांनी भांडून मिळवलंय. पण तिन्ही कॉलेजांच्या समितीच्या तपासणीत पास झालं तरच इथे राहणार. नाहीतर 'जागा अयोग्य', मशीन दुसऱ्या कॉलेजला. माझ्या विद्यार्थिनीची, नाझनीनची, अख्खी पीएचडी त्यावर. मिठागरातल्या जिवाणूंची तिची प्रथिनं फ्रीझरमध्ये पडून आहेत.

५ ऑक्टो.
इंजिनिअरने बजावलं: खोलीत अत्तर, क्रीम, उदबत्ती काही नको. मशीन तिथलीच हवा ओढतं, हवेत असेल ते पडद्यावर दिसतं. दारावर पाटी लावली. नाझनीनने अब्बांचं दुबईचं अत्तर बंद केलं. गुणी पोर.

१२ ऑक्टो., दसरा
सुट्टी. सोनं वाटलं, श्रीखंड खाल्लं. लक्ष लॅबमध्येच.

१४ ऑक्टो.
रंगीत तालीम. नुसतं शुद्ध पाणी सोडलं, पडद्यावर सपाट रेषा हवी, तर नको त्या उभ्या रेषा.
"या अल्लाह! मॅम, नमुना घातलाच नाही, मग हे काय?"
बाटल्या बदलल्या, नळ्या बदलल्या. रेषा तशाच. मग मशीनमागे झेंडूच्या पाकळ्या. आमचे शिपाई भोईरमामा मान खाली घालून म्हणाले, "मी बोल्लो, मॅडम नाय म्हनल्यात. सर बोल्ले, खंडेनवमीला कसला नाय? धूप, कापूर, सगला केला."
तिडीक गेली डोक्यात. सरांना फोनवर वाट्टेल ते बोलले. ते एवढंच म्हणाले, "अगं, नवीन काही आलं की आपण..."
मी फोन ठेवला.

१५ ऑक्टो.
फिल्टर नवा. रेषा खाली आल्या, गेल्या नाहीत. मशीन रात्रभर चालू ठेवतोय, बघू. उद्या समिती. कारण लेखी द्यायचंय. खरं लिहिलं तर ठपका सरांवर, तोही निवृत्तीच्या तोंडावर. नाही लिहिलं तर जागाच खराब ठरणार. राग ओसरलाय, नुसतं वाईट वाटतंय. कागद कोराच.

१६ ऑक्टो.
सर सकाळीच आले. दाराबाहेर थांबले.
"माझं नाव लिही. स्वच्छ लिही."
लिहिलं. म्हटलं, आत तरी या.
"नको गं. आज देवपूजा न करता आलोय, अंगाला उदबत्तीचा वास नको म्हणून. तरी नको."
समिती आत बसलीय. नाझनीनने पाणी सोडलंय. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून कोपऱ्यात हे लिहितेय. सर काचेपलीकडून पडदा बघतायत. त्यांना तिथून काही दिसत नसणार. मला दिसतंय, रेषा अजून सपाट आहे, अजून