शिक्षणाचा रकाना

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार. लांबूनच करतो, म्हणजे कान धरता येणार नाही.

तुझं पत्र तीन पत्ते फिरून मिळालं. ट्रकवरची नोकरी सोडली, आता छापखान्यात कागदांच्या घड्या घालतो. वरच्या मजल्यावरचा बासरीवाला रोज एकच गाणं वाजवतो, तेही अर्धं. उरलेलं कुणाकडे आहे कोण जाणे! असो, भरकटलो.

तर तू बर्गर कंपनीची सीईओ होणार! टेबलं पुसलीस, अकरा वर्षं फ्रायरवर तापलेल्या तेलासमोर काढलीस, मग शिफ्ट सांभाळलीस, मग दुकान, मग सगळ्या स्वयंपाकघरांची प्रमुख. आणि आता संचालक म्हणतात, बायोडेटात 'आठवी पास' बरं दिसत नाही, डिप्लोमा टाका, कागदाची सोय आम्ही करतो? वर तू मला विचारतेस, सातवीतून पळालेल्याला! असल्या बायोडेटावर सही करू नकोस, ताई. खुर्ची गेली तर गेली.

रागावलीस तरी चालेल, माया कमी करू नकोस.
तुझा भटक्या

१९ मार्च

चि. भटक्यास,
अनेक आशीर्वाद, एक धपाटा राखून.

गेली तर गेली म्हणायला तुझं काय जातंय? तू कुठल्या खुर्चीवर महिनाभर टिकलास? मला ती हवी आहे रे, मनापासून.

तरी काल संचालकांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, त्यांनी टाकलेला डिप्लोमा खोडला आणि आठवी लिहिलं. एक गृहस्थ म्हणाले की मॅडम भावनेच्या भरात आहेत. मी म्हटलं, खोटं लिहून आलेल्याला मी शिफ्टवर उभं करत नाही, मग स्वतःला कसं करू? निकाल महिन्याभरात.

वेळेवर जेव. मला तुझी काळजी लागून असते.
ताई

२१ एप्रिल

चि. भटक्यास, आशीर्वाद.

खुर्ची दुसऱ्याला दिली. बाहेरून आणलाय, तीन पदव्यांचा. एक दुपारभर रडले, तुझ्यापासून काय लपवायचं! राजीनामा दे म्हणू नकोस, तो छंद तुझा. जागा पुन्हा निघेल तेव्हा पुन्हा अर्ज करीन, आठवीच लिहून.

आणि हो, कंपनीत नवीन येणाऱ्या प्रत्येकाने पहिले पंधरा दिवस फ्रायरवर काढायचे, हा नियम माझाच. नव्या साहेबांनी फोन करून विचारलं, आपल्यालाही लागू आहे का. मी सांगितलं, आहे. सोमवारी सकाळी सहाला या, बाह्या दुमडून, आणि उशीर केलेला मला चालत नाही.

लोभ आहेच, पोटभर.
तुझी ताई